जात कोणती यापेक्षा वय किती: फ्लॅटसाठी कुत्रा निवडताना

प्रश्न थोडक्यात असा: 'बाणेरला सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. आम्ही दोघं हिंजवडीत नोकरीला, साडेआठला निघतो, परत यायला सात वाजतात. आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करते. सासूबाई आमच्याकडेच असतात, वय ७१, गुडघ्यांचा त्रास. मुलगा आठ वर्षांचा. त्याला हस्की हवाय, नवऱ्याला लॅब्रॅडॉर आणि मला वाटतं छोटासा पग बरा. घरात आजवर कुत्रा नव्हता. कोणती जात घ्यावी?'

ताई, मी पुण्यात सव्वीस वर्षं जनावरांचा दवाखाना चालवतोय. तुमच्या प्रश्नातली कामाची माहिती जातींच्या नावांत नाही, ती त्याआधी आली आहे: साडेआठ ते सात, आणि सासूबाईंचे गुडघे. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्या घरी पिल्लू आणू नका, कुठल्याच जातीचं. दोन ते चार वर्षांचा, स्वभाव कळलेला, घरात राहायची सवय असलेला मोठा कुत्रा आणा. जातीचं नंतर पाहू. पण तिघांनी तीन नावं घेतली आहेत, तेव्हा तिघांनाही कारण कळायला हवं.

पगपासून सुरू करतो, कारण तो 'छोटा म्हणून सोपा' असा समज फार पसरलेला आहे. २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि त्यानंतर काही वर्षं माझ्याकडे पगांची रीघ लागली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तोंडातली आणि नाकातली ओल उडते आणि अंग थंड होतं. पगची कवटी माणसानं आखूड करत आणली, पण आतली जीभ आणि टाळूचा मऊ पडदा त्या मानानं आखूड झाला नाही. एवढ्याशा जागेत ते सगळं कोंबलेलं, वर नाकपुड्या चिंचोळ्या. झोपेत घोरतो तेव्हा घरच्यांना गोड वाटतं. प्रत्यक्षात तो श्वासासाठी झगडत असतो.

एका मे महिन्यातली दुपार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दीडच्या सुमारास एक मुलगी पगला छातीशी धरून धावत आली. गाडी सावलीत उभी होती, काच थोडी उघडी होती, ती औषधाच्या दुकानात जेमतेम पंधरा मिनिटं होती. त्याच्या हिरड्या गुलाबीच्या जांभळ्या झाल्या होत्या आणि लाळ दोरीसारखी लोंबत होती. थर्मामीटर १०८ दाखवत होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. आम्ही त्याला सरळ नळाखाली धरलं, पंखा लावला, सलाइन सुरू केलं. तो वाचला, पण पुढचे चार दिवस त्याची लघवी लालसर होती आणि मुलगी रोज दवाखान्याच्या बाकावर बसून राहायची. तिचं कुत्र्यावर प्रेम कमी नव्हतं. त्या शरीराला पुण्याचा मे झेपत नाही, हे तिला घेताना कुणी सांगितलं नव्हतं. (घरात कुणाही कुत्र्याला असं झालं तर आधी साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला आणि मग निघा. ओल्या टॉवेलात गुंडाळू नका, उष्णता आतच कोंडते.) तुमच्या घरी दुपारी सासूबाई एकट्या. वीज गेली, एसी बंद पडला, तर पगला उचलून खाली आणणं त्यांना जमेल का?

आता हस्की. मुलाला तो का आवडतो ते कळतं, निळे डोळे आणि लांडग्यासारखा चेहरा. त्याला हे सांगा: सैबेरियात चुक्ची लोकांनी हा कुत्रा बर्फावरून मैलोन् मैल घसरगाडी ओढायला तयार केला. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला लोकरीसारखा दाट. त्याला दिवसातून वीस मिनिटं सोसायटीला चक्कर पुरत नाही, तो ओढायला आणि पळायला जन्मलेला आहे. मी खराडीतल्या एका घरी लस द्यायला गेलो होतो. हस्की बाथरूमच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडलेला, एसी चालू, आणि बाहेर सोफ्याचा एक कोपरा लाकडापर्यंत उघडा पडलेला. दीड वर्षाचं जनावर. मालकीणबाई म्हणाल्या, 'हा फार हट्टी आहे.' हट्टी नव्हता. उन्हामुळे बाहेर जाता येत नव्हतं, आणि दिवसभर साठलेला जोर कुठं काढायचा ते त्याला ठाऊक नव्हतं. लोक उन्हाळ्यात त्याचे केस मशीननं काढून आणतात, तेही चूक. ते केस उन्हापासूनही आडोसा देतात आणि काढल्यावर पुन्हा नीट उगवतीलच असं नाही. पावसाळ्यात आतला थर ओला राहतो, मग कातडीला बुरशी आणि चट्टे. हस्कीला मी पुण्यात कुणालाच 'हो' म्हणत नाही.

लॅब्रॅडॉरबद्दल तुमच्या यजमानांना मी लगेच नाही म्हणणार नाही, कारण स्वभावानं तो खरंच उत्तम कुत्रा आहे. मुळात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या बरोबर राहून पाण्यातली जाळी आणि निसटलेले मासे आणून देणारा. त्यामुळे तोंडात सतत काहीतरी धरायचं आणि माणसाच्या मागेपुढे करायचं, हे त्याच्या रक्तातच आहे. आणि भूक. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारांपैकी एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच नसतो आणि त्यामुळे 'पोट भरलं' हा निरोप नीट पोचत नाही. तो केविलवाणं बघतो तेव्हा नाटक करत नसतो, त्याला खरंच भूक लागलेली असते. आपल्या घरांत आजी चपातीचा तुकडा देते, नातू बिस्किट देतो, कामाच्या मावशी उरलेला भात देतात आणि तीस किलोचा कुत्रा बेचाळीस किलोवर जातो. वर या जातीत खुब्याचे सांधे मुळात कच्चे असण्याचं प्रमाण मोठं.

पण तुमच्या बाबतीत माझी खरी अडचण दुसरी आहे. आठ महिन्यांचा लॅब म्हणजे पंचवीस किलोचं, डोक्यानं पिल्लूच असलेलं जनावर. कर्वेनगरच्या एक आजी रोज संध्याकाळी लॅबला खाली न्यायच्या. पार्किंगमध्ये मांजर दिसलं, त्यानं एकच हिसका दिला, पट्टा त्यांच्या मनगटाला गुंडाळलेला होता. मनगट मोडलं. त्या घरातून कुत्रा गेला आणि आजींना अजून वाटतं की चूक आपली होती. तुमच्याकडे दुपारची फेरी कोण मारणार, हे उत्तर नक्की नसेल तर लॅबचं पिल्लू नको. आणखी एक हिशेब मनात ठेवा: लॅब अकरा वर्षांचा होईल, मागचे पाय उचलणार नाहीत, एखाद्या दिवशी लिफ्ट बंद असेल. सात मजले बत्तीस किलो कोण उचलणार? गोचिडाची गोळी, भुलीचं औषध, खाणं, सगळं वजनावर असतं. वजनदार कुत्रा म्हणजे प्रत्येक बिल मोठं.

यावरून तुमच्या लक्षात आलं असेल की मी जातीकडे कसा बघतो. माणसानं हा कुत्रा कोणत्या कामासाठी घडवला, ते आधी विचारायचं. काम गेलं तरी कामाची ओढ अंगात राहते. बीगल घ्या. टोळीनं सशाचा माग काढायचा आणि मागच्या शिकाऱ्याला कळावं म्हणून गळा काढायचा, यासाठी तो तयार झाला. तो एकटा राहिला की तोच गळा सातव्या मजल्यावरून काढतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या फ्लॅटचा नंबर येतो. जर्मन शेफर्ड १८९९ पासून फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्यानं जर्मनीत मेंढ्यांसाठी घडवला. कळपाभोवती फेऱ्या मारून हद्द राखणारं चालतंबोलतं कुंपण. त्याला काम द्यावं लागतं, नाहीतर तो स्वतः शोधतो आणि मग कुरिअरवाला हद्दीत आला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. डॉबरमन, रॉटवायलर पहिला कुत्रा म्हणून नकोतच. डॅशहुंड बिळातल्या बिज्जूमागे जाणारा, लांब पाठीचा. सोफ्यावरून उड्या मारून मणक्याची चकती सरकते आणि मागचे पाय जातात. आपल्याकडे जुन्या पेठांतल्या वाड्यांत 'पॉम' म्हणून जे पांढरं कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या होतं, ते बहुतेक भारतीय स्पिट्झ. काटक, हुशार, पण जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला भुंकणार. शित्झू मात्र मुळात मांडीवर बसण्यासाठीच जोपासलेला, त्यामुळे लहान घरात तो खुशीत राहतो. पण रोज केस विंचरणं, डोळे पुसणं हे काम कुणीतरी अंगावर घ्यायला हवं, आणि त्याचंही नाक आखूडच आहे.

आपल्या मातीतल्या दोघांबद्दल जरा निवांत बोलतो, कारण त्यांचं नाव तुमच्या घरात कुणीच घेतलं नाही.

कारवान, ज्याला मुधोळ हाउंडही म्हणतात, तो सोलापूर, सांगली, लातूर भागात शेतकऱ्यांकडे आणि धनगरांकडे अजूनही भरपूर आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनी तो नावारूपाला आणला. २००५ मध्ये टपाल खात्यानं त्याचं तिकीटही काढलं. तो धावताना पाहिला की दुसरं काही बघावंसं वाटत नाही. पण तो नजरेनं शिकार करणारा कुत्रा आहे. वेताळ टेकडीवर लांब मोर हलला की तुमची हाक त्याला ऐकूच येत नाही. त्याला अनोळखी माणसानं हात लावलेला आवडत नाही, ओरडलेलं तर अजिबात सोसत नाही, महिनाभर मनात धरतो. बरगड्या दिसणं हे त्याच्यात निरोगीपणाचं लक्षण. शेजारी 'खायला घालत नाही का?' विचारत राहतात. मोकळं शेत, भिंतीचं कुंपण असेल तर याच्यासारखा कुत्रा नाही. बाणेरच्या फ्लॅटमध्ये त्याचा कोंडमारा होईल.

आणि दुसरा गावठी. 'डॉक्टर, हा कोणत्या जातीचा?' असं विचारताना ज्याच्या मालकाचा आवाज जरा खाली जातो, तो. माझ्या टेबलावर सगळ्यात कमी वेळा आजारानं येणारा कुत्रा हाच. याला माणसानं निवडून घडवलं नाही. हजारो वर्षं इथलं ऊन, इथला पाऊस आणि इथली उपासमार यांतून जे टिकले त्यांची ही अवलाद. आखूड केस, लांब नाक, हलकं अंग, पंधरा ते बावीस किलोच्या आसपास. ऊन सोसतो, अंगाला वास कमी, सांध्यांचे जन्मजात रोग क्वचित. गावठी कुत्री सहसा वर्षातून एकदाच माजावर येते, तर जातिवंत कुत्र्या बहुधा दोनदा. तोटेही सांगतो. तो लॅबसारखा येईल त्याच्या गळ्यात पडत नाही. आधी जोखतो. हद्दीबद्दल कडक असतो, बेल वाजली की भुंकतो. सांगितलेलं लगेच ऐकतोच असं नाही, पण एकदा घराची रीत कळली की मोडत नाही. गोचीड त्यालाही लागतात आणि गोचिडाचा तापही येतो. पावसाळ्यात आणि पाऊस संपल्यावर औषध चुकवून चालत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. रस्त्यावर चार वर्षं मोकळा वाढलेला, स्वतःची गल्ली असलेला कुत्रा दयेपोटी सातव्या मजल्यावर नेऊ नका. त्याला तो तुरुंग वाटतो. घरात वाढलेला, निदान काही महिने कुणाच्या घरी सांभाळायला ठेवलेला गावठी बघा.

आता वयाबद्दल. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शी-शूला न्यावं लागतं. चार महिन्यांचं पिल्लू फार तर चार-पाच तास धरू शकतं. तुम्ही दोघं साडेदहा तास बाहेर. म्हणजे पुसणं, दिवसातून सहा वेळा वाकणं, सासूबाईंच्या वाट्याला येणार. त्या बोलणार नाहीत, पण गुडघे बोलतील. पिल्लाला दुधाचे दात असतात तोवर ते पायाला, पदराला, नातवाच्या हाताला लटकतं. मोठा कुत्रा सहा ते आठ तास आरामात थांबतो. त्यातले बरेच तास झोपतो. तरी तुम्ही ऑफिसला जाता त्या तीन दिवशी दुपारी एक फेरी मारायला माणूस ठेवाच. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पिल्लाचा स्वभाव हा अंदाज असतो, मोठ्याचा डोळ्यांसमोर दिसतो. मांजर दिसल्यावर तो ओढतो का, एकटा राहतो का, लहान मुलांत वाढलाय का, हे सांभाळणाऱ्याला विचारता येतं. मी तर 'दिवाळीत त्यानं काय केलं?' आणि 'विसर्जनाला ढोल वाजले तेव्हा कुठं होता?' हे दोन प्रश्न आवर्जून विचारायला सांगतो. कपाटामागे शिरून दोन दिवस जेवला नसेल तर ते आधी माहीत असलेलं बरं.

असे मोठे कुत्रे पुण्यात मिळतात का? दुर्दैवानं भरपूर मिळतात. दर महिन्याला माझ्याकडे कुणी ना कुणी येतं: 'डॉक्टर, कंपनीनं अमेरिकेला पाठवायचं ठरवलंय, याला कुणी घेईल का?' तीन-चार वर्षांचे, लसी झालेले, नसबंदी झालेले, शिकवलेले लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हर असे घर शोधत असतात. यजमानांना लॅबच हवा असेल तर असा, वजन आटोक्यातला, पट्टा न ओढणारा लॅब बघा. त्याला माझी पूर्ण संमती आहे. ही परदेशाची शक्यता तुमच्या दोघांच्या नोकरीत आहे का, याचं उत्तरही आत्ताच एकमेकांना द्या. कुत्रा पुढची दहा वर्षं तुमच्याबरोबर असणार आहे.

एवढं सांगूनही पिल्लूच ठरलं, तर निदान फसू नका. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. तरीही माझ्याकडे 'पस्तीस दिवसांचं' पिल्लू बॉक्समध्ये घेऊन लोक येतात. पस्तीस ते साठ या दिवसांत पिल्लू भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं. ते शिकायच्या आतच ते तुमच्या मुलाच्या हातात येतं. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा, तिच्याच घरी. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर परत फिरा. रविवारी आणलेलं हसतंखेळतं पिल्लू गुरुवारी उलट्या आणि रक्ताची हगवण घेऊन येतं. पार्व्हो हा पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणू, तो अंगात शिरल्यावर चार-सहा दिवस काही दिसतच नाही. केनेल क्लबचा कागद आईबाप कोण ते सांगतो, सांधे कसे आहेत ते सांगत नाही. लॅब किंवा शेफर्ड असेल तर आईबापाच्या खुब्यांचा एक्स-रे मागा. बहुतेक ठिकाणी नसतो, पण मागत राहिलो तरच काढायला लागतील.

सोसायटीची भीती घालतील. पाळीव कुत्र्याला सोसायटी बंदी घालू शकत नाही आणि लिफ्टही नाकारू शकत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. पट्टा लावणं, शी उचलणं आणि महापालिकेचा परवाना काढणं ही आपली बाजू, ती चोख ठेवा.

तुमच्यासाठी माझा क्रम असा: पहिली पसंती घरात वाढलेली, नसबंदी झालेली, दोन-तीन वर्षांची गावठी कुत्री. मादी जरा हलकी असते, सासूबाईंना पट्टा धरायला सोपी. दुसरी पसंती घर शोधणारा शांत, वयानं मोठा लॅब, पण मग बाहेर नेण्याचं काम यजमानांनी सकाळी सहाला आणि रात्री नऊला स्वतः करायचं, जुलैच्या पावसातसुद्धा. आणताना लगेच 'आमचा' म्हणून आणू नका, तीन आठवडे सांभाळायला म्हणून आणा. पहिले आठ-दहा दिवस नवा कुत्रा पाहुण्यासारखा वागतो, खरा स्वभाव नंतर उघडतो.

बघायला जाल तेव्हा सासूबाईंना बरोबर न्या, त्यांच्याशिवाय ठरवू नका. त्यांना खुर्चीत बसू दे, हातात खाऊ नको. मुलाला सांगा, वाकून डोक्यावर हात ठेवायचा नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही, बाजूला बसून राहायचं. कुत्रा आधी दारापाशी उभा राहील, हवेत नाक वर करील, मग वळसा घालून मागून येईल आणि आजीच्या चपला, साडीची कड हुंगेल. पुढचे दोन पाय ताणून जांभई दिली, तरी कुणी हलू नका, तो स्वतःला शांत करतोय. दहा मिनिटं लागतील, कदाचित अर्धा तास. कुणी न बोलावता तो त्यांच्या पायाशी येऊन बसला, तर मला फोन करा. लसीचं कार्ड घेऊन या, पुढचं आपण बघू.